बाजारची फसकी

आमच्या गावचा बाजार मंगळवारचा. नगर जिल्ह्यातले ते एक बाजारचे गाव. आसपासच्या वाड्यावस्त्यांची माणसे चिंचेखालच्या मोकळ्या जागेत पाले ठोकून बसत. मी आठनऊ वर्षांचा असेन, म्हणजे गोष्ट १९५५ च्या आगेमागेची. त्या वर्षी गावकीची पाळी आमच्या घराकडे होती. माझा आजा घुंगरांची काठी आणि दुरडी घेऊन बाजारात जाई आणि मी त्याच्यामागे धडप्याची झोळी धरून चाले. धान्याच्या ढिगाऱ्यापाशी मूठभर धान्य, माळव्याच्या पाटीपाशी चार वांगी नाही तर कोथिंबिरीची काडी. धान्याची ती फसकी, भाजीची ती शेव. हे शब्द मोल्सवर्थच्या कोशातही आहेत. पण एक गोष्ट कोशात नाही, आणि हा लेख त्याच गोष्टीसाठी लिहितो आहे. ती म्हणजे मूठ कोणाची?

त्याच बाजारात पाटलाचा गडीही शेव गोळा करी. तो पाटीत सरळ हात घाली. त्याच्या पंजात मावेल ती शेव. माळीण कुरकुरे, पण त्याचा हात धरीत नसे. माझ्या आज्याला पाटीला हात लावता येत नव्हता. लावला असता तर सगळी पाटी बाटली असती. तो दुरडी पुढे करून उभा राही आणि माळीण तिच्या मुठीने, वरून, दुरडीला स्पर्श होणार नाही अशा बेताने शेव टाकी. म्हणजे हक्क आमचा, पण मूठ तिची. मन झाले तर मूठ उघडी, नाही तर चिमूट. पाटलाच्या गड्याने घेतली ती शेव आणि आज्याने घेतली ती भीक, असे गावाला वाटे यात नवल नाही. दिसायला ती भीकच होती.

आज्याला मात्र तसे वाटत नसे. मी एकदा विचारले, "आज्या, आपुन मागतो का रं?" तो काठी आपटून म्हणाला, "मागत न्हाई. बावन हक्कातलं हाय ते. बादशानं दिलंय." मला तेव्हा वाटले, बादशहा म्हणजे तालुक्याचा कोणी साहेब असेल.

पुढे शिकलो, मास्तर झालो, तेव्हा या बादशहाचा माग काढावासा वाटला. त्यासाठी आधी हे पाहावे लागले की बाजारात बसून दुसऱ्याच्या मालातून वाटा घेण्याचा अधिकार या मुलखात कोणाकोणाला होता आणि तो कशाच्या जोरावर होता.

चाळीसगावजवळ पाटण म्हणून गाव आहे, जळगाव जिल्ह्यात. तेथला शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६ च्या सुमाराचा शिलालेख भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात वाचला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबाचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातील मांडलिकाने त्या मठाला उत्पन्न लावून दिले. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे; पण पैशाची गोष्ट आली तेथे लेख मराठीवर उतरतो. बाजारात जो माल येईल त्याच्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळत असे ते मठाला दिले आहे. घाण्यामागे पळीपळी तेल दिले आहे. आणि जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापावे असेही ठरवले आहे. आमच्या मराठी भाषेचे जे अगदी जुने लेख हाती आहेत, त्यांतल्या एकात ही बाजारची वसुली कोरलेली आहे, याचे मला पहिल्यांदा वाचले तेव्हा हसू आले. मग वाटले, हसण्यासारखे यात काही नाही. त्या मठाने मूठ दुसऱ्याच्या हाती ठेवली नव्हती. माप स्वतःचे ठेवले होते. हक्क आणि भीक यांच्यातला फरक तेराव्या शतकाच्या तोंडाशी त्या लोकांना नेमका कळत होता.

यादवांच्या नंतर राज्ये बदलली, बाजारातली ही रीत बदलली नाही. उलट तिला वतनाचे रूप आले. पेठ वसवायची तर सरकार शेट्याला कौल देई. शेटे आणि महाजन हे पेठेचे वतनदार. उदमी बाहेरून आणावेत, त्यांना जागा द्याव्यात, काही वर्षे करात सूट मिळवून द्यावी, आणि त्याबद्दल दुकानादुकानांतून आपले हक्क घ्यावेत. वाण्याकडून सुपारी, तांबोळ्याकडून पाने, तेल्याकडून तेल, कोष्ट्याकडून पासोडी, धनगराकडून घोंगडी, चांभाराकडून वर्षाला जोडा. पाटलाच्या वतनाच्या कागदांतही अशीच यादी सापडते. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या राज्यकारभारावर १९२३ साली जे पुस्तक लिहिले त्यात या हक्कांचे तपशील आले आहेत. राजवाड्यांनी खंडचे खंड छापले त्यांत अशा महजरांना आणि निवाड्यांना तोटा नाही. हे वतन विकता येई, गहाण टाकता येई, भावांत वाटून घेता येई. पळीभर तेलाच्या हक्कावरून दोन घराणी पिढ्यान् पिढ्या भांडत आणि गोतसभा बसून साक्षी घेई.

यांच्यावर सरकारची जकात वेगळी. माल भरला तेथे थळभरीत, विकला तेथे थळमोड, आणि दुकानावर, धंद्यावर मोहतर्फा. पेशवाईत जकातीचे मक्ते दिले जात आणि वाटेवर इतक्या चौक्या असत की उदमी माणूस हुंडेकऱ्याला गाठी. हुंडेकरी ठोक रक्कम घेऊन सगळ्या चौक्यांचे देणे आपल्या अंगावर घेई. या जकातीतूनही कोणा देवस्थानाला, कोणा भटाला, कोणा सरदाराला नेमणूक तोडून दिलेली असे. बाजाराला जाणारा बैल घरून निघाल्यापासून गोण रिकामी होईपर्यंत देतच असे. हे येथे सांगतो ते अशासाठी की बाजारात फुकट घेणारा म्हटला की आजही लोकांच्या डोळ्यांपुढे महार आणि फकीर येतो. शेटे आणि देवस्थान येत नाही.

आता आमच्या बावन्न हक्कांकडे येतो. कथा अशी की अमृतनाक नावाचा महार बेदरच्या बादशहाच्या पदरी होता. त्याने बादशहाच्या बेगमेला संकटातून सुखरूप परत आणले. जाण्यापूर्वी एक बंद डबी त्याने बादशहाकडे ठेवायला दिली होती. परत आल्यावर बादशहाच्या मनात संशय आला तेव्हा ती डबी उघडायला सांगितली. अमृतनाकाने आपले पुरुषत्व आधीच छेदून तीत ठेवले होते. बादशहा प्रसन्न झाला आणि त्याने महारांना बावन्न हक्क दिले. खळ्याखालचे धान्य, पेवाच्या तोंडचे धान्य, मढ्यावरचे कापड, मेलेल्या ढोराचे कातडे, आणि असेच पुढे. अलेक्झांडर रॉबर्टसन या मिशनऱ्याने १९३८ च्या आपल्या पुस्तकात ही यादी दिली आहे.

या कथेला कागद नाही. माझ्या आज्याला मी हे सांगू शकलो नाही, तो तोपर्यंत गेला होता. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'अस्पृश्य मूळचे कोण?' या १९४८ च्या ग्रंथात या बावन्न हक्कांचा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे असे की बेदरच्या राजांनी हे हक्क दिले याचा अर्थ एवढाच घेता येतो की हक्क फार पुरातन होते आणि त्या राजांनी ते कायम केले. गावाच्या वेशीबाहेर राहून गावाची राखण करणाऱ्या वाताहत झालेल्या लोकांशी गावाने केलेला तो करार होता. अन्न आणि सुगीचे धान्य, याच्या बदल्यात राखण. हा सिद्धान्त सर्व इतिहासकारांना मान्य आहे असे नाही. पण मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: बाबासाहेबांनी आज्याची दुरडी भिकेच्या रांगेतून उचलली आणि कराराच्या रांगेत नेऊन ठेवली.

आणि करार होताच. फसकीच्या बदल्यात आजा काय करी, ते मी पाहिले आहे. सोमवारी रात्री तो बाजाराची जागा झाडी. दवंडी देई. मंगळवारी दिवसभर चोरावर नजर ठेवी. रात्री मुक्कामाला राहिलेल्या व्यापाऱ्यांच्या गोणींपाशी जागे. कोणाचे काही गेले तर पाटील पहिला सवाल त्याला करी. बुधवारी सकाळी पुन्हा झाडलोट. शेट्याने पेठ वसवली हे खरे असेल, पण वसलेली पेठ आठवड्याच्या आठवड्याला उभी राही ती या झाडूवर आणि या जागरणावर. तरी शेट्याच्या सुपारीचा महजर आहे, आणि आमच्या मुठीचा आधार म्हणजे एका माणसाने स्वतःचे अंग कापून दिल्याची कथा. आम्हाला आमचा हक्क सिद्ध करायला केवढी किंमत कल्पनेतसुद्धा मोजावी लागली, हे त्या डबीत दिसते.

इंग्रज आले तेव्हा त्यांना हा सगळा गुंता व्यापाराच्या आड येतो असे वाटले. नाक्यानाक्यावरच्या जकाती १८३८ च्या सुमारास मुंबई इलाख्यात उठल्या. १८४४ च्या कायद्याने शहरजकाती, मोहतर्फा आणि धंद्यांवरच्या सगळ्या पट्ट्या रद्द झाल्या. कागदावर पाहिले तर त्या दिवसापासून बाजारातली शेवफसकी संपायला हवी होती. ती संपली नाही. पाटलाची राहिली ती त्याच्या दांडगाईवर, आणि आमची राहिली ती सरकारच्या सोयीसाठी. कारण महाराला गावकामाचा पगार द्यायचा नव्हता. १८७४ च्या वतन कायद्याने महार सरकारचा चाकर ठरला. पण त्याच्या पोटाची सोय मुख्यतः रयतेकडच्या बलुत्यावर आणि थोड्याशा हाडकी हाडोळ्यावर सोपवली. टपाल त्याने न्यायचे, खजिना त्याने पोचवायचा, साहेबाच्या घोड्याला चारा त्याने आणायचा, आणि मोबदला माळिणीच्या मुठीतून मागून घ्यायचा! सरकारी नोकराला असा पगार जगात दुसरीकडे कोठे मिळत असेल असे वाटत नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली निघाला. गावच्या व्यवहाराची इतकी बारीक माहिती मराठीत दुसरीकडे नाही, आणि मी ते पुस्तक अनेकदा वाचले आहे. पण आत्र्यांची सगळी कळकळ कुणब्यासाठी आहे. महार-मांग, फिरस्ते, गोसावी, फकीर यांच्या मागण्यांनी कुणबी कसा खचला हे ते सांगतात. खोटे सांगतात असे मी म्हणत नाही. फसकी द्यावी लागणारी माळीण काही श्रीमंत नव्हती. पाच कोस पाटी डोक्यावर वाहून आणलेली, आणि विकायला बसायच्या आधीच पाटलाला, गुरवाला, महाराला देता देता तिची पाटी तळाला जायची. तिने आमच्या दुरडीत चिमूट टाकली असेल तर तिचाही हिशेब मला समजतो. माझे म्हणणे इतकेच की सरकारच्या चाकराचा पगार माळिणीकडून घ्यायची व्यवस्था महाराने केलेली नव्हती.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बाजाराच्या अगदी टोकाला मांगाची एक बाई केरसुण्या आणि दोर घेऊन बसे. तिच्यापाशी आलो की आजा दुरडी पुढे करीत नसे. तो वाकून स्वतःच्या हाताने एक केरसुणी उचली. ती काही बोलली तर काठीचे घुंगरू वाजवी. सगळ्या बाजारात आज्याची मूठ त्याची स्वतःची होती ती तेवढ्या एका ठिकाणी. त्याच केरसुणीने तो बाजार झाडी. महार-मांगांची हक्कांवरून चाललेली भांडणे पेशव्यांच्या दप्तरात आहेत. फुकाझावा आणि कोतानी या जपानी अभ्यासकांनी गावगाड्यावर मोठ्या चिकाटीने लिहिले आहे. कोतानींनी तर महारांच्या वतनावर आणि त्यावरून चाललेल्या तंट्यांवर काम केले आहे. आपल्याकडे मात्र हा विषय निघाला की आपण घसा खाकरतो. वतनाने आम्हाला गुलाम केले हे आपण सांगतो, आणि ते खरेच आहे. पण त्याच वतनाने आमच्या हाताखाली कोणाची तरी केरसुणी दिली होती, हे सांगत नाही.

बाबासाहेबांनी वतनाचे हे दुखणे १९२७ सालीच ओळखले होते. 'बहिष्कृत भारता'त त्यांनी महार आणि त्यांचे वतन या विषयावर लेख लिहिले, आणि १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. त्यातली मागणी ध्यानात घेण्यासारखी आहे. बलुत्याऐवजी रोख पैसा ठरवा, तो जमीनमहसुलाबरोबर सरकारने वसूल करावा आणि महाराला सरकारने द्यावा. ज्याला वतन सोडायचे असेल त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून ती ठेवता यावी. म्हणजे देणाऱ्याची मूठ आणि घेणाऱ्याची दुरडी यांची गाठच पडू नये. विधेयक संमत झाले नाही. १९३० साली स्टार्ट समितीचा अहवाल आला. बाबासाहेब आणि सोळंकी त्या समितीचे सभासद होते. अस्पृश्यांनी साधे नागरी हक्क बजावले तर गाव काय करते, ते त्या अहवालात आहे. कामावरून काढतात, वाट अडवतात, आणि वाण्याला सांगून जिन्नस विकणे बंद करतात. बाजारात घेण्याचा हक्क ज्याला बादशहाने दिला म्हणतात, त्याला पैसे देऊनही मीठ मिळू नये अशी ती तजवीज.

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी महार वतने रयतावा करण्याचे काम १९१८ साली केले होते. आमच्या इलाख्याला त्यानंतर चाळीस वर्षे लागली. मुंबई कनिष्ठ गाववतने नाहीशी करण्याचा कायदा १९५८ चा, अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. वतनी जमीन परत आपल्या नावे करून घ्यायची तर आकाराच्या तिप्पट रक्कम भरायची होती, आणि जमीन मिळाली तरी कलेक्टरच्या परवानगीवाचून विकता येत नव्हती. पाटीलकीची वंशपरंपरा १९६२ च्या कायद्याने गेली.

पण आमच्या घरातली फसकी कायद्याची वाट पाहत बसली नाही. ऑक्टोबर १९५६ मध्ये बाप नागपूरला जाऊन आला. त्याने दुरडी चुलीत घातली आणि काठी आढ्याला खोचली. पुढच्या मंगळवारी आजा सवयीने उठला, पागोटे बांधले, आणि काठी दिसेना म्हणून तसाच बसून राहिला. बापाने त्याला काही समजावले नाही. मला आठवते, दुपारपर्यंत घरात कोणी बोलले नाही. त्या आठवड्यात चावडीवरून निरोप आला की बाजार झाडलेला नाही. पुढच्या आठवड्यात वाण्याने आमच्या आळीला गोडेतेल द्यायचे बंद केले. आम्ही दोन महिने चार कोसांवरच्या दुसऱ्या बाजाराहून तेल आणीत होतो.

धान्य बंद झाले तेव्हा आजीने बाजारात बसायचे ठरवले. भाजी आमच्या हातची कोण घेणार? तिने जळणाच्या मोळ्या नेल्या. लाकूड जळून जाते, त्याला विटाळ लागत नाही, हा तिचा हिशेब, आणि तो बरोबर निघाला. बसायला जागा मिळाली ती बाजाराच्या टोकाला, केरसुण्यांच्या शेजारी. दोघींचे पहिल्यांदा बरेच दिवस बोलणे नव्हते.

तोवर ग्रामपंचायतीने बाजाराची वसुली लिलावाने ठेक्यावर दिली होती. ती पद्धत गावोगावी आजही चालू आहे. पंचायत कायद्यानेच बाजारफीचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली, मुंबईची २०१७ साली गेली, आठवडे बाजाराची बैठक तेवढी राहिली. ठेकेदाराचा माणूस पावतीपुस्तक घेऊन फिरे. बसणाऱ्या प्रत्येकाकडून सारखेच पैसे, माळिणीकडून तेवढेच, आजीकडून तेवढेच, केरसुणीवालीकडूनही तेवढेच. तो आमच्याकडचे पैसे हातात घेत नसे, जमिनीवर ठेवायला सांगे, आणि पावती वरून सोडी. वाऱ्याने ती कधी आजीच्या पदरात पडे, कधी शेजारणीच्या केरसुण्यांवर. मग ती बाई ती उचलून आजीला देई. पावतीवर नाव नसे, आकडा असे आणि खाली फराट्यासारखी सही.

आजीला वाचता येत नव्हते. तरी तिने त्या पावत्या एका पत्र्याच्या डबीत साठवल्या. ती गेली त्या वर्षी मी डबी उघडून मोजल्या तेव्हा दोनशेच्या वर भरल्या. सगळ्यात वरची पावती दुमडलेली होती आणि तिच्यात केरसुणीची एक काडी होती.